नेथनरावांची तिथी

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कोणी विचारायला नको — मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. माझे वडील सोलापूरला फिजिक्स शिकवायचे. आमच्याकडे कोणी पाहुणा भुताची गोष्ट सांगायला लागला की बाबा शांतपणे विचारायचे, "त्या वेळी खोलीत माणसं किती होती, आणि त्यातल्या किती जणांनी चष्मा लावला होता?" पाहुणा चहा संपवून गप्प. त्या घरात मी वाढले. तेव्हा हे लिहिताना सगळ्यात जास्त संकोच मलाच होतोय... पण लिहिते.

लग्न होऊन मी तंजावूरला आले. श्रीनिवासच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, घरचे लोक मराठे राजे होते तेव्हापासून इथले. मराठी बोलतात, पण देवनागरी कोणालाच धड वाचता येत नाही. मराठी लिहायचं झालं तर तमिळ अक्षरात लिहितात. पहिल्या वर्षी मला त्यांच्या बोलण्यावर हसू यायचं आणि त्यांना माझ्या. आता माझंच मराठी ऐकून माहेरचे हसतात, फिट्टंफाट झाली.

आमचं घर मेडिकल कॉलेज रोडच्या आतल्या एका गल्लीत आहे. साधं, दोन खोल्या खाली दोन वर, निळं गेट, आत श्रीनिवासची मोपेड. घरात आम्ही तिघं — श्रीनिवास, मी आणि सरस्वतीकाकी. मुलगी ईशा नोकरीसाठी अमेरिकेत.

काकी म्हणजे श्रीनिवासच्या धाकट्या काकांची बायको. काका, गोविंदराव, फौजेत होते. पूल बांधणाऱ्या तुकडीत. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा एकाहत्तरची लढाई लागली, त्यांची तुकडी पूर्वेकडे गेली, आणि डिसेंबरात तार आली — बेपत्ता. नदीवर पूल टाकताना काही जण वाहून गेले, त्यातल्या काहींचे देह सापडले, काकांचा नाही. एवढंच. पुढे काही वर्षांनी सरकारने त्यांना मृत धरलं आणि काकींना पेन्शन सुरू केली. काकींनी ती घेतली, पण कपाळावरचं कुंकू पुसलं नाही. दर वर्षी त्या बँकेत विधवेचा हयातीचा दाखला द्यायला जातात त्या रुपयाएवढं कुंकू लावून, पायात जोडवी घालून. नवीन क्लार्क असला की तो कागदाकडे बघतो, काकींकडे बघतो, पुन्हा कागदाकडे बघतो. काकी म्हणतात, "तुझ्या सरकाराला जे वाटतं ते त्यानं लिहिलंय पा. मला जे वाटतं ते मी लावितें."

यात एक अडचण होती, आणि ती घरात अधूनमधून निघायची. काकांचं श्राद्ध कधीच झालं नव्हतं. सासरे जिवंत होते तेव्हा त्यांनी फार समजावलं — तिथी माहीत नसेल तर अमावास्येला करायची सोय शास्त्रातच आहे, किंवा तारेतल्या तारखेची तिथी धरू. काकी ऐकायच्या नाहीत. "अमावास्या अस्क्यांची," त्या म्हणायच्या, म्हणजे सगळ्यांची. "ज्यांचं कोणी नाही त्यांची. ह्यांची मी आहें की. आणि तारेत हरवले त्याचा दिवस आहे, गेले त्याचा नाही. ह्यांचा दिवस मला कळू दे, मग करा." सासरे गेले. श्रीनिवासही आता साठीला आला. काकांचं करायला घरात दुसरा पुरुष नाही. त्याला आतून काळजी होती की आपल्याही नंतर हे असंच लोंबकळत राहणार. मला काळजी काकींची वाटायची. इतकी वर्षं ना सवाष्ण, ना विधवा... बाई रोज सकाळी कुठल्या मनाने उठत असेल?

आता रांगोळीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे. इथे पहाटे दारापुढच्या जागेवर — तिला वासल म्हणतात — पाणी शिंपडून तांदळाच्या पिठाची रांगोळी घालतात, म्हणजे कोलम. ती नसेल तर घरात काहीतरी झालंय असं गल्ली समजते. आणि खरंच, ज्या दिवशी घरात श्राद्ध असतं त्या दिवशी वासल कोरं ठेवायचं असतं. आमच्याकडे वासल काकींचं. ताप असला तरी भिंतीला धरून घालायच्या. मी एकदा मदतीला गेले तर माझी रांगोळी बघून म्हणाल्या, "पुरे मा, गाय घाबरून पडेल."

तर, ईशा अमेरिकेला गेली आणि दुपार मला खायला उठली. तिनेच एक उद्योग लावून दिला. तिकडच्या एका संग्रहाची वेबसाइट आहे. त्यांच्या स्वातंत्र्याच्या लढाईतल्या सैनिकांची पत्रं, पेन्शनच्या फायली, हजेरीपट — सगळं स्कॅन करून ठेवलंय. ती जुनी वळणदार अक्षरं कॉम्प्युटरला नीट वाचता येत नाहीत, म्हणून जगभरातली रिकामटेकडी माणसं ती वाचून टाइप करून देतात. त्यातली एक मी. जेवणं झाली की पुढच्या खोलीत पंख्याखाली लॅपटॉप उघडायचे. एका फायलीची थोडी पानं मिळतात, ती टाइप झाली, दुसऱ्या कोणी तपासली, की मग पुढची उघडतात. तोवर पुढे काय आहे ते आपल्याला दिसत नाही.

काकी बाजूला बसून फुलं गुंफायच्या. एके दिवशी म्हणाल्या, "काय हसलीस?" मी म्हटलं, हा एक शिपाई बायकोला लिहितोय की तू पाठवलेले मोजे एका पायाला मोठे आणि एका पायाला लहान झालेत, माझे पाय विसरलीस की काय. काकींची सुई थांबली. "वाच," म्हणाल्या. त्या दिवसापासून आमचं सुरू झालं. मी वाचायचे, टाइप करायचे, आणि मोठ्याने मराठीत सांगायचे.

त्या शिपायाचं नाव नेथन. बायको हॅना. काकींनी त्याचा लगेच नेथनराव केला. नेथनराव बुटांबद्दल फार लिहायचा. बूट फाटले, बूट मिळाले, मिळालेले बूट मेलेल्या माणसाचे होते. गाय विकू नकोस. कुंपण शेजाऱ्याकडून दुरुस्त करून घे, पण त्याला घरात बसवून दारू देऊ नकोस. काकी मान हलवायच्या. "बरोबर आहे. अस्के एकसारखे. आमचे हे पण लिहायचे, विहिरीचा दोर बदल, विहिरीचा दोर बदल. मी बदलला होता की!"

मग काकांच्या पत्रांची गोष्ट निघाली. मला ती नवीनच होती. काका फौजेतून मराठीत लिहायचे, पण अर्थातच तमिळ अक्षरात. लढाई लागल्यावर पत्रं तपासणाऱ्याच्या हातात गेली. तो तमिळ माणूस. अक्षरन् अक्षर वाचता येतंय आणि एका शब्दाचा अर्थ लागत नाही! गुप्त भाषा आहे म्हणून त्याने पत्र वर पाठवलं, काकांना साहेबापुढे उभं केलं, आणि काकांना आपल्या तुकडीतल्या एका कोल्हापूरकराला बोलावून पत्र मोठ्याने वाचून दाखवावं लागलं. पत्रात होतं काय, तर सांबारात चिंच कमी घालत जा. काकी हे सांगताना इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. पदर बराच वेळ तिथेच राहिला.

एका दुपारी त्यांनी विचारलं, ही पत्रं सरकाराच्या फायलीत कशी आली? मी सांगितलं — हॅनाला म्हातारपणी पेन्शन हवी होती, आणि ती नेथनची बायकोच होती हे सिद्ध करायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. म्हणून तिने त्याची पत्रं कोर्टात दिली. "मग परत मिळाली?" नाही मिळाली काकी, म्हणून तर इथे आहेत. काकी एकदम उठून आत गेल्या. माळ तशीच अर्धी खाली पडलेली.

आता मुद्द्यावर येते. माघ महिना होता. इथे त्या दिवसांत पहाटे चांगलंच दव पडतं. मी उठून दूध घ्यायला दार उघडलं तर वासल धुतलेलं, ओलं, आणि कोरं. पिठाचा डबा पायरीवर. मला वाटलं काकी पडल्या. धावत आत गेले तर त्या आंघोळ करून, केस ओले, कच्ची केळी चिरत बसलेल्या. हे इथलं श्राद्धाच्या स्वयंपाकाचं लक्षण.

"काकी, आज काय आहे?"

"तिथी आहे मा."

"कोणाची?"

"आपल्या नेथनरावांची."

मला हसावं की रडावं कळेना. "काकी, अहो, ते जिवंत आहेत अजून! कालच तर त्यांनी मटणाच्या सूपबद्दल लिहिलं!"

"काल लिहिलं?" काकी चिरता चिरता म्हणाल्या. "मग टपाल जरा लेट झालं की."

पण हे तुम्हाला सांगितलं कोणी, स्वप्न पडलं का, असं मी खोदून विचारलं. त्या म्हणाल्या, कोणी नाही. चिमूट घेतली आणि पीठ सुटेना. हातातून पडेचना. वासलाला आज नको आहे, एवढं कळलं. "आणि मग मनात आलं की नेथनराव. बाकी मला काय ठाऊक."

श्रीनिवास ऑफिसला निघाला होता. तो डबरा, म्हणजे इथली कॉफीची खोलगट वाटी, घेऊन कॉफी पीत उभ्या उभ्या ऐकत होता. "पीठ दमट झालंय काकी, पनि किती आहे बाहेर," तो म्हणाला. पनि म्हणजे दव. मलाही तेच पटलं. दव, आणि पंचाहत्तरीचे हात. काकींनी वाद घातला नाही. दुपारी केळ्याची भाजी, वरण, भात असं पानावर घालून गच्चीच्या कठड्यावर ठेवून आल्या आणि मग आम्हाला वाढलं. दुसऱ्या दिवशी त्याच डब्यातल्या पिठाची रांगोळी नेहमीसारखी पडली होती. मी ते विसरूनही गेले.

नेथनची पुढची पानं उघडायला पुष्कळ दिवस लागले. तपासणारा कोणी मिळत नव्हता बहुतेक. उन्हाळा संपून आडीचे, म्हणजे इथल्या आषाढाचे, वारे सुटले तेव्हा उघडली. त्यात पत्र नव्हतं. नेथनबरोबरच्या एका म्हाताऱ्या शिपायाची कोर्टापुढची साक्ष होती, हॅनाच्या बाजूने दिलेली — की नेथन छावणीच्या इस्पितळात तापाने गेला, मी तिथे होतो, त्याला मी स्वतः पुरला. आणि तारीख. फेब्रुवारीतली.

मी ती तारीख कागदावर उतरवून घेतली. मग उठून काकी स्वयंपाकघरात आहेत ना बघितलं आणि श्रीनिवासला ऑफिसात फोन केला. त्याच्याकडे पंचांगाचं एक सॉफ्टवेअर आहे. जुनी तारीख टाकली की तिथी देतं. तो म्हणाला, संध्याकाळी बघू. संध्याकाळी आम्ही ती तारीख टाकली. उत्तर आलं, माघ वद्य सप्तमी. काकींनी वासल कोरं ठेवलं तो दिवसही माघ वद्य सप्तमीच होता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटी उलटी करून बघितलं.

श्रीनिवास इन्शुरन्समधला माणूस. तो असा कशाला मानणार नाही. त्याने विचारलं, तेव्हा अमेरिकेत जुनं कॅलेंडर होतं की नवं? शोधलं — नवं. तिकडच्या सूर्योदयाप्रमाणे तिथी बदलते का? आमच्या वाध्यारांना, म्हणजे घरच्या गुरुजींना, फोन करून हिशेब करायला लावला, कशासाठी ते न सांगता. त्यांनीही सप्तमीच सांगितली. मग श्रीनिवास म्हणाला, "वर्षात तीनशेसाठ तिथ्या, त्यातली एक लागली. लॉटरी लागते की नाही लोकांना?" लागते. पण तिकीट न काढता लागत नाही, असं मी म्हटलं.

काकींना सांगायचं की नाही यावर दोन दिवस आमची कुजबुज चालली. शेवटी मीच सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "पुरताना कोणी ओळखीचं होतं ना?" होतं, म्हटलं. "मग बरं."

पण त्या दिवसानंतर काकींच्या सकाळीतला एक बदल माझ्या लक्षात आला. आधी त्या चिमूट घेऊन झरझर ठिपके टाकायच्या, शेजारणीशी बोलत बोलत. आता पहिली चिमूट घेऊन क्षणभर थांबायच्या. पीठ पडलं की मग पुढे. मी खिडकीतून बघायचे. मला सगळं कळलं. त्या रोज विचारत होत्या — आज का? आणि पीठ रोज पडत होतं, म्हणजे आज नाही. एकदा मी धीर करून विचारलं, "काकी, हे कधीपासून बघताय?" "माघापासून," त्या म्हणाल्या. "नेथनरावांचं कळलं, तर ह्यांचं का कळू नये? तेव्हापासून एक दिवस सोडला नाही मी." मला भयंकर वाईट वाटलं. वाटलं, ते वेबसाइटचं खूळ मी घरात आणलं नसतं तर बरं झालं असतं. एवढ्या वर्षांनी या बाईला मी पुन्हा वाट बघायला बसवलं.

मार्गशीर्ष आला. तारेतल्या तारखेची तिथी श्रीनिवासला पाठ आहे. आदल्या दिवशी तो नीट जेवला नाही. सकाळी आम्ही दोघं आंघोळी करून, उगाच वर्तमानपत्र घेऊन पुढच्या खोलीत बसलो. काकी बाहेर गेल्या. थोड्या वेळाने आत येऊन हात धुऊ लागल्या. मी बाहेर बघितलं... मोठी, कमळांची, सुबक रांगोळी. श्रीनिवासचा चेहरा पडला. त्याला काकांनी जावं असं थोडंच वाटत होतं? त्याला ते संपवायचं होतं. काकी त्याच्या खांद्यावर ओला हात ठेवून म्हणाल्या, "मी सांगत नव्हतें सीनू? तो हरवल्याचा दिवस."

माघ पुन्हा आला, नेथनरावाला त्यांनी आपणहून पान वाढलं. चैत्र गेला.

वैशाखात इथे कत्तिरीचं, म्हणजे वर्षातलं सगळ्यात कडक, ऊन असतं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. पहाटेसुद्धा हवा कोरडी ठक्क, शिंपडलेलं पाणी बघता बघता वाळतं. त्या दिवशी मी गच्चीवर झोपलेली, उजाडल्यावर खाली आले. काकी वासलाशी वाकून उभ्या होत्या. हात पुढे. चिमूट मिटलेली. मला वाटलं, पाठीत उसण भरली.

"काकी?"

"मंजू, तू घालून बघ."

मी डब्यातून चिमूट घेतली. पीठ खडखडीत कोरडं होतं, हे मी शपथेवर सांगते, माझ्या बोटांना ते अजून आठवतं. हात वासलावर नेला, अंगठा सरकवला. रेघ पडली नाही. पुन्हा सरकवला. मग मी बोटंच उघडली... पीठ बोटांवर तसंच. हात उलटा केला, तरी तसंच. घाबरून मी हात डब्यावर आणला, तर सगळं पीठ सळसळ करून डब्यात पडलं. पुन्हा चिमूट घेतली, पुन्हा वासलावर नेली. नाही. डब्यावर पडत होतं, वासलावर पडत नव्हतं. बाबा असते तर म्हणाले असते, तिसऱ्यांदा कर. मी तिसऱ्यांदा केलं. नाहीच.

मी हात पदराला पुसले आणि पायरीवर बसले. रडू आलं. भीतीने नाही — तसं भिण्यासारखं तिथे काहीच नव्हतं, समोर सायकलवरून फुलवाला जात होता, कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी होत होती. काकी माझ्याशेजारी बसल्या. त्या रडत नव्हत्या.

"आज वैशाख वद्य तृतीया," म्हणाल्या. श्रीनिवास आतून आला, आम्हाला दोघींना तसं बसलेलं बघून तोही उंबऱ्यावर टेकला.

मग काकी बोलल्या. अगदी हळू, जणू फुलं मोजत होत्या. "गेल्या वर्षी ह्याच तिथीला मी रांगोळी घातली होती. माघात नेथनरावांचं झालं, त्यानंतर रोज बघत होतें मी. गेल्या वैशाखातही बघितलं. त्या दिवशी पीठ पडलं होतं सीनू."

श्रीनिवासला कळायला थोडा वेळ लागला. मला लगेच कळलं. आजचा दिवस जर काकांची जुनी तिथी असती तर पीठ गेल्या वर्षीही अडायला हवं होतं. अडलं नव्हतं. मग आजचा दिवस वर्षश्राद्धाचा नव्हताच. काका गेले तो दिवसच आजचा होता.

"काकी," श्रीनिवास म्हणाला, "काका आज ऐंशीच्या पुढे असते. होते तर कुठे होते? कुठल्या देशात? पत्र का नाही एक?"

"ते मला कळायचं नाही पा," काकी म्हणाल्या. "डोक्याला लागलं असेल. आठवलं नसेल काही. नाहीतर आठवलंही असेल." जरा थांबल्या. "कुठेतरी जेवत होते ना इतकी वर्षं? कोणीतरी वाढत होतं ना? तिचं भलं होऊ दे."

मी ही बाई इतकी वर्षं बघतेय. तरी त्या क्षणी मला ती अजिबात माहीत नाही असं वाटलं.

त्यांनी नळावर जाऊन तोंड धुतलं आणि कुंकू पुसलं. मी मागोमाग धावले — काकी, नका, आजकाल कोण मानतं, असूद्या. त्या टॉवेलने कपाळ कोरडं करत म्हणाल्या, "इतकी वर्षं लावलं ते खरं होतं मंजू. लोकांना वाटायचं म्हातारी खुळी आहे. मी खरी सवाष्ण होतें की. आता खोटं कशाला लावू?"

या सगळ्याचं स्पष्टीकरण मागू नका, मला देता येणार नाही. नेथनच्या तिथीला योगायोग म्हणता येईल, श्रीनिवास अजूनही म्हणतो. काकींचं मन रोज एकाच गोष्टीत गुंतलेलं होतं, त्याचा हातावर परिणाम झाला, हेही म्हणता येईल, आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलंय. पण मग माझ्या हातातलं पीठ? मी तर काकांना फोटोतही नीट बघितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटीने, दार लोटून, तेच पीठ तिथेच टाकून बघितलं. पडलं. वेडीवाकडी का होईना, रेघ आली. ते पीठ अजून मी एका बाटलीत ठेवलंय. कोणाला तपासायचं असेल तर या.

संध्याकाळी श्रीनिवासने वाध्यारांना बोलावलं. देह नसला की पळसाच्या पानांचा देह करून संस्कार करतात, ते तिरुवैयारूला कावेरीवर करायचं ठरलं. वाध्यार स्कूटर लावून आले, पुढच्या खोलीत बसले, त्यांनी ताक घेतलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं — हे फौजेतले, एकाहत्तर सालचे, म्हणजे जुनं धरून वर्षाचं एकच श्राद्ध ठेवू ना? कारण यंदा गेले असं धरलं तर पहिलं वर्ष पाळावं लागतं, दर महिन्याला याच तिथीला करावं लागतं, घरात दिवाळी नाही, सण नाही. एवढ्या वर्षांनंतर कोणी ते करत नाही, आणि तसं न करण्यात दोषही नाही.

श्रीनिवासने माझ्याकडे बघितलं. मी काकींकडे. त्या दाराशी उभ्या होत्या, मोकळ्या कपाळाने.

"पहिलं धरा," त्या म्हणाल्या.